हायलँडर २ : पहिल्यांदाच बघणाऱ्याला कुठली आवृत्ती दाखवावी?

हस्ताक्षर:
माझ्या सतरा वर्षांच्या भाचीनं गेल्या आठवड्यात १९८६ चा 'हायलँडर' पाहिला (मुंडकं उडाल्याशिवाय न मरणाऱ्या अमर तलवारबाजांची गोष्ट) आणि ती त्यात पार बुडाली. आता दुसरा भाग बघायचा म्हणून मागे लागली आहे. मी आजवर टाळलं, पण शनिवारी ती मुक्कामाला येतेय आणि या वेळी सुटका दिसत नाही.

माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत. एक १९९१ ची, थिएटरात लागलेली, ज्यात ही अमर माणसं झाइस्ट नावाच्या परग्रहावरून आलेली असतात. दुसरी १९९५ ची 'रेनेगेड', दिग्दर्शक रसेल मुल्काहीच्या मनाप्रमाणे पुन्हा संकलित केलेली. त्यात झाइस्टचं नावही नाही. ही माणसं पृथ्वीवरचीच, फक्त फार प्राचीन काळातली.

एक स्पष्ट सांगतो. मी हा चित्रपट चौदाव्या वर्षी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. मला तो मनापासून आवडतो. तो फसलाय हेही मला ठाऊक आहे. कथा ज्या २०२४ सालात घडते ते सालसुद्धा मागे पडलं, तरी मी अजून दरवर्षी एकदा तो लावतो. त्यामुळे खिल्ली उडवायला हा धागा काढलेला नाही. पहिली भेट कुठल्या रूपात व्हावी, एवढंच विचारतोय.

पाऊलवाट:
कुठलीच दाखवू नका. पहिल्या भागात गोष्ट संपते हो! उरेल तो एकच, हा नियम. आणि शेवटी नायक मॅक्लाउड एकटा उरतो. त्याला बक्षीस मिळतं, तो मर्त्य होतो. आता तो म्हातारा होणार, त्याला मुलं होऊ शकणार. इतका पूर्ण शेवट असल्यावर पुढे सांगायला राहतंच काय? पोरीच्या मनात पहिला भाग आहे तसा राहू द्या.

अर्धविराम:
झाइस्टवाली. विषय संपला.

रातराणी:
१९९५ ची दाखवा. झाइस्ट ऐकून ती पहिल्या वीस मिनिटांतच उठून जाईल. मी गेले होते.

कात्री:
मी संकलनाच्या कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या चित्रपटाचं चित्रीकरण अर्जेंटिनात झालं. खर्च हाताबाहेर गेला आणि कम्प्लिशन बाँड देणाऱ्या कंपनीनं चित्रपट ताब्यात घेतला. हा बाँड म्हणजे हमी. पैसे गुंतवणाऱ्यांना खात्री हवी असते की ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या पैशात, पुरा चित्रपट हातात पडेल. ती खात्री तिसरीच कंपनी देते आणि त्याचे पैसे घेते. बजेट फुगलं की करारातलं कलम वापरून तिला दिग्दर्शकाच्या डोक्यावर बसता येतं. तिला चांगला चित्रपट द्यायचा नसतो, *पुरा* चित्रपट द्यायचा असतो. दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं असेल तर १९९१ ची आवृत्ती बघा.

आता टेबलावर काय होतं ते सांगतो. समजा एका प्रसंगाचे बारा शॉट ठरले होते आणि नऊच हातात आहेत. संकलक मग चेहरा जरा जास्त वेळ धरून ठेवतो, पाठमोऱ्या माणसावर नवीन वाक्य डब करून चढवतो, नाहीतर दोन प्रसंगांचा मिळून एक करतो. मॅक्लाउड आणि खलनायक कटाना यांच्यात मुळात दोन वेगळ्या लढती होत्या. थिएटरच्या आवृत्तीत त्या एकमेकींत मिसळून शेवटाला एकच केली. म्हणून ती बघताना जागा कुठली, वेळ कुठली, काही लागत नाही. रेनेगेडमध्ये दोन्ही वेगळ्या केल्या आणि लगेच श्वास घेता येतो.

त्यामुळे माझं मत रेनेगेड. ज्यांनी चित्रपट काढला त्यांचं म्हणणं निदान एकदा ऐकून घ्यावं.

पाऊलवाट:
कात्री, छान समजावलंत. पण एक शंका आहे. अर्जेंटिनात तेव्हा महागाई भडकली होती म्हणून खर्च वाढला असं सगळीकडे वाचायला मिळतं. निर्माते तर डॉलर घेऊन गेले असणार. तिथलं चलन गडगडलं तर उलट त्यांना स्वस्त पडायला हवं ना?

दमडी:
@पाऊलवाट, प्रश्न रास्त आहे. मलाही हे कोडं बरेच दिवस सुटत नव्हतं.

तिथलं चलन तेव्हा ऑस्ट्राल होतं. जुलै १९८९ मध्ये एका महिन्यात किमती जवळपास २०० टक्क्यांनी वाढल्या. त्या वेळी डॉलरही तितक्याच वेगानं चढत होता, म्हणजे डॉलरवाल्याला फारशी झळ नाही. गंमत त्यानंतर झाली. १९९० मध्ये वसंत सरल्यावर (आपल्याकडचा वसंत, तिकडचा शरद) डॉलरचा भाव पाच हजार ऑस्ट्रालच्या आसपास बराच काळ घुटमळत राहिला, पण मजुरी, लाकूड, भाडं यांच्या किमती महिन्यामहिन्याला वाढतच होत्या. म्हणजे त्याच शंभर डॉलरला मिळणारे ऑस्ट्राल तेवढेच, आणि त्या ऑस्ट्रालमध्ये येणारी वस्तू मात्र दर महिन्याला कमी. स्वस्त देश म्हणून ज्यांनी तिथे मोठाले सेट उभारायला घेतले, त्यांच्या अंदाजपत्रकाचा यात पार चुराडा होतो.

पुढे १९९२ च्या सुरुवातीला ऑस्ट्राल मोडीत निघाला. दहा हजार ऑस्ट्रालचा एक पेसो झाला.

पाऊलवाट:
वा! आता कळलं. धन्यवाद.

तिसरी रांग:
खलनायकाचं नाव कटाना. पहिल्या भागापासून नायकाच्या हातातली जपानी तलवार, तीही कटाना. नाव सुचत नव्हतं तर निदान दुसऱ्या शस्त्राचं ठेवायचं. भाला, परशू, काहीही चाललं असतं :))

अर्धविराम:
"कटानानं कटानाचा वार चुकवला." संवादलेखकाला शुद्धलेखनाचे मार्क पूर्ण द्यावे लागतील :)

शुभ्रमेघ:
मी वातावरणशास्त्र शिकवते. या चित्रपटाकडे मी ओझोनमुळे वळले, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

कथा अशी : १९९४ मध्ये ओझोनचा थर विरत चालल्याची बातमी येते, लाखो माणसं उन्हानं मरतात, त्यात मॅक्लाउडची बायकोही जाते. तिला दिलेल्या शब्दाखातर तो १९९९ मध्ये पृथ्वीभोवती एक ढाल उभारतो. तेव्हापासून कायमची रात्र, दमट उकाडा आणि ढाल चालवणाऱ्या कंपनीची मक्तेदारी.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राचा शोध १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केला. ओझोन खाणारे सीएफसी वायू आटोक्यात आणण्याचा माँट्रियल करार १९८७ चा. चित्रपट लिहिला जात होता तेव्हा ही भीती अगदी ताजी होती. आणि चित्रीकरण झालं अर्जेंटिनात, ज्याचं दक्षिण टोक त्या छिद्राच्या कडेशी येतं! हा योगायोग मला फार हलवून जातो.

विज्ञानात मात्र मोठी चूक आहे. वातावरणातला सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. तेवढा थर अतिनील किरणांचा घातक भाग अडवतो आणि दिसणारा प्रकाश सोडून देतो. मग त्याच्या जागी लावलेली ढाल सगळाच प्रकाश का अडवते? पंचवीस वर्षं ऊन नाही म्हणजे झाडं नाहीत, पिकं नाहीत. पहिल्याच वर्षात उपासमार. आणि ऊन अडवल्यावर उकाडा कसला, गारठाच पडायला हवा.

पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकायला हवी. कथेचा कणा असा की ढालीच्या वर ओझोन पुन्हा भरून आलाय आणि कंपनी ते दडवतेय. ओझोन खरोखरच सूर्यप्रकाशातून बनतो. अतिनील किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि सुटे अणू दुसऱ्या रेणूंना चिकटतात. म्हणजे कारण दूर झालं की थर आपोआप भरतो, हे बरोबर. फक्त पंचवीस वर्षं फार कमी झाली. सीएफसी ११ हवेत सरासरी पन्नासेक वर्षं राहतो, सीएफसी १२ शंभरेक. प्रत्यक्षात करार नीट पाळला गेला तर अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या पातळीला यायला २०६६ उजाडेल असा सध्याचा अंदाज आहे. बहुतेक जगात २०४० च्या सुमारास.

चित्रपटातलं २०२४ आणि आपण जगलो ते २०२४ यांच्यात एका कराराचं अंतर आहे. वर्गात मी हे दरवर्षी सांगते. ढालीचं चित्र दाखवलं की मागच्या बाकावरचीही मान वर करतात.

हस्ताक्षर:
शुभ्रमेघ, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवणार. तिला रसायनशास्त्र आवडतं.

रातराणी:
मी उठून गेले होते म्हणाले ना वर, ते का, ते सांगते. पहिल्या भागात मॅक्लाउड १५१८ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, रॅमिरेझ मूळचा इजिप्तचा. दोघांची भेट होते तेव्हा रॅमिरेझ त्याला तू कोण आहेस हे शिकवतो. ते होडीतलं, डोंगरावरचं शिक्षण हा माझ्या दृष्टीनं त्या चित्रपटाचा आत्मा. आणि दुसऱ्या भागात सांगतात की दोघं परग्रहावर आधीपासूनचे सोबती! मग ते शिकवणं कशासाठी होतं? मला राग आला होता. खरा राग.

कात्री:
रागाचं कारण पटतं. म्हणूनच रेनेगेड म्हणतोय.

अर्धविराम:
कात्री, रेनेगेडनं तरी ते कुठे सुटतं? परग्रहाऐवजी प्राचीन काळ केला. प्राचीन काळातून भविष्यात पाठवलेला माणूस १५१८ मध्ये ग्लेनफिनॅनला आईच्या पोटी कसा जन्मतो? भोक तिथेच आहे, ठिगळाचा रंग बदलला. उलट झाइस्ट निदान बिनधास्त आहे. चुकायचं तर पोटभर चुकावं. १९९१ च्या आवृत्तीत प्रत्येक वळणावर मी खुर्चीत पुढे सरकतो, कारण आता काय होईल हे मला खरंच सांगता येत नाही. हा आनंद मला नीटस चित्रपटांत क्वचित मिळतो.

आणि २००४ च्या आवृत्तीत संगणकावर नवे इफेक्ट चढवून ढालीचा लाल रंग बदलून निळा केला. मला ते लालच हवं. त्या लाल उजेडात सगळं शहर ताप चढल्यासारखं दिसतं.

पातं:
तलवारबाजी शिकतो, म्हणून थोडं अवांतर. मॅक्लाउड करणाऱ्या ख्रिस्तोफर लँबर्टची नजर फार अधू आहे. चष्म्याशिवाय त्याला लांबचं जवळजवळ दिसत नाही आणि चष्मा घालून तर मॅक्लाउड होता येत नाही. पहिल्या भागात त्याच्या तलवारीच्या लढती बसवल्या बॉब अँडरसननं, जो १९५२ च्या ऑलिंपिकला ब्रिटनकडून उतरला होता.

न दिसता तलवार चालवणं म्हणजे काय ते ज्यानं मूठ धरली आहे त्याला विचारा. आपण समोरच्याचं पातं बघून अडवत नाही, त्याचा खांदा बघतो. खांदाही धूसर असेल तर पावलं मोजण्याशिवाय हातात काही राहत नाही. दोन पुढे, एक डावीकडे, वर अडव. समोरचा अर्धं पाऊल चुकला तरी बोटं जातात. एकदा आमच्या सरावात मी कुतूहलानं चष्मा काढून तीन वार अडवायचा प्रयत्न केला. पहिला अडला, दुसरा मनगटावर बसला, तिसऱ्याला मी हात वर केले. आणि हा माणूस कटाना झालेल्या मायकेल आयर्नसाइडसारख्या अंगावर धावून येणाऱ्या नटासमोर उभा राहिला.

तिसरी रांग:
आयर्नसाइडवर माझं प्रेम आहे. त्यानं नंतर मुलाखतीत उघड सांगितलं की पटकथा कुणालाच आवडली नव्हती. तरी तो पडद्यावर कुठे हात राखून नाही. ती भुयारी रेल्वे आठवा. कटाना चालकाच्या जागी घुसतो आणि गाडीचा वेग वाढवतच नेतो. आत माणसं मागे फेकली जातायत आणि हा हसतोय. कथेला त्या प्रसंगाची काडीइतकी गरज नाही. मी मात्र तेवढ्यासाठी दोनदा रिवाइंड केलं.

पाऊलवाट:
मला या "वाईट म्हणून आवडतो" प्रकाराचीच अडचण वाटते. शेकडो माणसं रात्र रात्र राबली, सुतारांनी, रंगाऱ्यांनी आख्खं शहर उभं केलं, आणि आपण मित्र जमवून हसतो. कुणाच्या तरी मोडलेल्या कामावर हसण्यात मला आनंद मिळत नाही.

तिसरी रांग:
पाऊलवाट, मी हसतो ते आनंदानं. ज्या कामात जीव नाही त्यावर हसूही येत नाही. तसे चित्रपट मी संपायच्या आधी विसरतो.

हस्ताक्षर:
पाऊलवाट, तुमचं म्हणणं मला लागलं. मी तो दरवर्षी बघतो ते त्या सुतारांसाठीच, असं म्हटलं तरी चालेल. पहिल्या काही मिनिटांत रस्ता दिसतो बघा : ओला, वाफाळलेला, पाठीमागून उजेड आलेला, धुरातून माणसं नुसत्या काळ्या आकृत्या. मुल्काही मुळात म्युझिक व्हिडिओंमधून आलेला. एमटीव्ही १९८१ मध्ये सुरू झालं तेव्हा दाखवलेला सगळ्यात पहिला व्हिडिओ त्याचाच. त्याला गोष्ट सांगता आली नसेल इथे, पण उजेड कुठून यावा हे त्याला कळतं. आवाज बंद करून बघितला तर मला आजही हा एक सुंदर चित्रपट वाटतो.

अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टनं त्याला अर्धा तारा दिला होता. त्याच परीक्षणात त्यानं लिहिलं होतं की पुढच्या पिढ्यांतही विज्ञानकथांचे चाहते जमतील तिथे दबक्या आवाजात याची आठवण निघेल. बदनामी म्हणून लिहिलं होतं, पण आठवण निघतेय हे मात्र खरं झालं.

रातराणी:
एक कबूल करते. उठून जायच्या आधी शॉन कॉनरीचा रॅमिरेझ परत आल्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या भागात मुंडकं उडालेला माणूस, मॅक्लाउडनं नाव घेऊन हाक मारली म्हणून थेट स्कॉटलंडमधल्या एका नाटकाच्या रंगमंचावर उगवतो, हॅम्लेटचा प्रयोग चालू असताना! मग सूट शिवून घेतो, विमानात बसतो, सगळं कसं आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं. कारण विचारू नये असं वाटायला लावणारा नट तो एकच.

तिसरी रांग:
स्कॉटिश माणसाच्या भूमिकेत फ्रेंच नट, आणि खरा स्कॉटिश नट इजिप्तचा म्हणून. पहिल्या भागापासून हे चालू आहे आणि कुणालाही खटकत नाही. झाइस्टवरच का अडायचं म्हणतो मी :)

दमडी:
धागाकर्ते, शनिवार होऊन गेला. काय झालं ते लिहा की!

हस्ताक्षर:
लिहितो, उशीर झाला.

मी दोन्ही आवृत्त्या समोर ठेवल्या आणि या धाग्यात जे आलं ते थोडक्यात सांगून तिलाच निवडायला लावलं. तिनं १९९१ ची उचलली. म्हणाली, "दुरुस्त केलेली आधी बघितली तर काय दुरुस्त केलं ते कसं कळणार?"

सुरुवातीलाच म्हातारा मॅक्लाउड ऑपेरा बघत बसलेला असतो. चेहऱ्यावर सुरकुत्यांचा मेकअप, आवाज खरखरीत. ती एकदम गप्प झाली. झाइस्ट आलं तेव्हा माझ्याकडे बघून हसली, पण उठली नाही. पिकांचा प्रश्न तिनं स्वतःहून विचारला (शुभ्रमेघ, तुमचा प्रतिसाद मी मुद्दाम नंतर वाचून दाखवला, खूश झाली). रेल्वेच्या प्रसंगाला खळखळून हसली.

तिनं चित्रपट थांबवला तो भलत्याच ठिकाणी. ते दोन पंखवाले मारेकरी येतात, मॅक्लाउड त्यातल्या एकाला मारतो, विजा कडाडतात आणि तो पुन्हा तरुण होतो. लगेच गल्लीत भिंतीला टेकून चुंबन वगैरे. तिनं तिथे पॉज केलं आणि म्हणाली, "मामा, याला तर म्हातारं व्हायचं होतं ना? तेच तर बक्षीस होतं."

मी तीस वर्षं हा चित्रपट बघतोय. झाइस्ट, ओझोन, संकलन, सगळ्यावर भांडलोय. हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पहिला भाग चारशे वर्षं त्या माणसाला तडफडवतो आणि शेवटी त्याला हवं ते देतो : झिजणं, मरणं. दुसरा भाग ते काढून घेतो आणि तरुणपण देतो. आणि मॅक्लाउड त्याबद्दल एक क्षणही शोक करत नाही. त्याला कुणी विचारतही नाही.

पाऊलवाट:
अगदी हेच मला म्हणायचं होतं पहिल्या प्रतिसादात. मला इतकं नेमकं मांडता आलं नाही.

कात्री:
पोरगी हुशार आहे. हे मात्र कुठल्याही संकलनानं सुटणार नाही. रेनेगेडमध्येही तो तितक्याच सहज तरुण होतो. शोकाचा तो एक शॉट मुळात घ्यायला हवा होता, आरशासमोर अर्धं मिनिट पुरलं असतं. जे कॅमेऱ्यात नाही ते टेबलावर येत नाही. माझं मत मी मागे घेतो, १९९१ ची दाखवलीत ते बरं केलंत.

रातराणी:
आज रात्री पुन्हा लावते. या वेळी शेवटपर्यंत बसेन.

हस्ताक्षर:
भाचीचा आजच निरोप आलाय : "तिसऱ्या भागात झाइस्टचं काय होतं?"

अर्धविराम:
तिला सांगा, १९९४ च्या तिसऱ्या भागात झाइस्ट नाही, ढाल नाही, दुसरा भागच नाही. त्यांनी तो घडलाच नाही असं धरलंय.

हस्ताक्षर:
सांगितलं. म्हणतेय, "मग मी दुसराच परत बघते."